बोटभर पातं

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे. तलवार म्हटल्यावर लगेच मागे सरू नका. मी आजवर कुणाच्या केसालाही धक्का लावलेला नाही. खरं सांगायचं तर मला धारच नाही, आणि जन्मल्यापासून मी म्यानातून अर्ध्याहून जास्त बाहेरही आलेले नाही. तुम्ही म्हणाल, मग ही कसली तलवार? आमच्या स्वयंपाकघरातली पाव कापायची सुरीही हेच म्हणते आणि नाक मुरडते. मुरडू दे. तिला रोजचं काम आहे, मला वर्षातून आठच दिवस. पण त्या आठ दिवसांत माझ्याशिवाय पान हलत नाही.

माझा जन्म वेल्समध्ये, प्रेसेली डोंगराच्या पायथ्याशी, मायरिग लोहाराच्या भट्टीत झाला. त्याआधी मी एका जुन्या जीपगाडीच्या कमानीचा पाटा होते. वीस वर्षं खडबडीत वाटेवरून माणसं आणि मेंढ्या वाहून माझी कंबर मोडली. गाडी भंगारात गेली आणि मला मायरिगनं उचललं. त्यानं मला लालभडक तापवलं, ऐरणीवर घणाचे घाव घातले, तेलात बुडवून माझा ताप उतरवला. वादळात पडलेल्या सफरचंदाच्या झाडाचं लाकूड माझ्या मुठीला बसवलं. म्यान मात्र त्याच्या थोरल्या भावानं, हेविननं शिवलं. हेविन खोगीर शिवायचा. त्याचा टाका इतका बारीक, की माझ्या अंगाला तो कधी टोचला नाही.

"वहिनी, धार लावू का?" मायरिगनं विचारलं होतं.

"लावलीस तर दोघांना घरात घेणार नाही. तिलाही आणि तुलाही," एलिनेड म्हणाली.

ही एलिनेड म्हणजे हेविनची बायको. शाळेत पोरांसाठी जेवण रांधायची, आवाज खणखणीत, हात भाजलेले. तिच्यासाठीच मला घडवलं होतं, कारण एलिनेड ड्रुइड आहे. ड्रुइड म्हणजे कोण? पलीकडच्या वाडीची नेस्टा, जिच्या साठ गाई आहेत आणि जी दर रविवारी न चुकता प्रार्थनेला जाते, ती सांगायची, "चादर नेसून झाडांशी बोलणारी माणसं."

"बोलत नाही गं बाई, ऐकतो," एलिनेड म्हणायची. "बोलायला तू आहेस की."

खरं तर यांना देऊळ नाही, पोथी नाही. झाड, झरा, दगड आणि डोक्यावरचं ऊन, एवढ्यालाच ते देव मानतात. कुणी मानतही नाही, नुसतं आभार मानतं. वर्षातले आठ दिवस ते सूर्याच्या आणि पिकांच्या हिशोबानं ठरवतात आणि भर दुपारी, उन्हाच्या साक्षीनं, नेस्टाच्या शेतातल्या ओक वृक्षाखाली गोल करून उभे राहतात. त्यांच्या मंडळाला ते 'राई' म्हणतात. दूध पोचवणारे, शाळेत शिकवणारे, दाढा काढणारे, असे सगळे त्या राईत असतात.

आणि त्या गोलात पहिलं काम माझं. एकानं माझी मूठ धरायची, दुसऱ्यानं म्यान. मला अर्धं उपसायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "शांतता आहे का?" सगळ्यांनी म्हणायचं, "आहे!" की मला परत आत ढकलायचं. असं तीनदा. तीनही वेळा 'आहे' आलं, तरच पुढचा विधी, पुढचं गाणं, पुढची मधाची दारू. एकानं जरी 'नाही' म्हटलं, तरी मी आत जायचं नाही आणि पुढे काहीच व्हायचं नाही. शांतता नसताना झाडासमोर हात जोडायचे नाहीत, असा यांचा नियम आहे. सांगा, आहे का असं काम त्या पावाच्या सुरीला?

मूठ एलिनेडच्या हातात, म्यान हेविनच्या. वर्षानुवर्षं. काय दिवस होते ते! एकदा वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला, तो एलिनेडनं फ्रिजवर लावला. एकदा बसमध्ये पोलिसानं अडवलं.

"बाई, पिशवीत काय आहे?"

"तलवार."

"धारदार आहे?"

"हिनं चीज कापून दाखवलंत ना, तर तुम्हाला जेवायला बोलावेन," एलिनेड म्हणाली. त्यानं बोट फिरवून पाहिलं आणि मला परत पिशवीत ठेवलं. हसला मेला! मला फार लागलं ते. पण घरी आल्यावर हेविननं मेणाचा बोळा घेऊन मला पुसलं आणि म्हणाला, "ऐकू नको त्याचं. तुझं काम कापायचं नाहीच, थांबायचं आहे." त्या रात्री मला झोप छान लागली.

मग पडते दिवस आले. राईत तेवीस माणसं होती, त्यांची बारा झाली. कुणी म्हातारं झालं, कुणी शहरात गेलं. साथीच्या दोन वर्षांत तर कुणी जमलंच नाही. मी चुलीवरच्या खुंटीला लटकत राहिले, माझ्या मुठीवर कोळ्यानं घर केलं. आणि साथ सरल्यावर, वसंतात, हेविन गेला. दुपारच्या चहाला हाक मारली तर उठलाच नाही. मित्रांनो, त्याच्या टाक्यांच्या आत मी अजून राहते, पण त्याचा हात मला परत लागला नाही. म्यान धरायला आता मायरिग उभा राहू लागला. त्याचा हात राकट. मी तक्रार केली नाही. घडवणाऱ्यावर कसली तक्रार करायची?

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मी एकटीनंच पाहिलं होतं.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी, पितरांची आठवण करायच्या दिवशी, सगळे ओकखाली जमले होते. तो ओक कित्येक शतकांचा, आतून पोकळ. त्याच्या पोटात दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. प्रत्येकानं जॅमच्या बरणीत एकेक मेणबत्ती आणली होती, आपापल्या माणसासाठी. विधी झाल्यावर एलिनेडनं दरवर्षीसारखं बजावलं, "आणलेलं सगळं परत न्यायचं. झाडाला आपली आठवण पुरे, आपला कचरा नको."

हे बजावताना सगळ्यांनी गेथिनकडे पाहिलं. गेथिन हा पंचेचाळिशीचा गडी, दुधाचा टँकर चालवायचा, राईत नवीन. पहिल्याच वर्षी हौसेनं त्यानं झऱ्याकाठच्या काटेरी झाडाला नायलॉनच्या चाळीस रंगीत फिती बांधल्या होत्या. शाळेत शिकवणारी टेगवेन शिडी लावून चढली आणि कात्रीनं एकेक कापत म्हणाली, "या फिती तुझा पणतू म्हातारा झाला तरी कुजायच्या नाहीत, गेथिन!" बिचारा ओशाळला. पुढल्या वेळी त्यानं आईच्या जुन्या सुती अॅप्रनची चिंधी फाडून आणली, एकच. पण एकदा बसलेला शिक्का पुसतो कुठे?

सगळे गेले. एलिनेड मागे राहिली. मी पिशवीत, तिच्या खांद्यावर. तिची मेणबत्ती वाऱ्यानं सारखी विझत होती. तिनं ती बरणीतून काढली आणि ओकच्या पोटात, एका कोरड्या कपारीत लावली. ज्योत उभी राहिली. एलिनेड बराच वेळ बघत होती. मग घड्याळ पाहून म्हणाली, "हेविन, माझी बस येईल रे. मी निघते. तू बस जरा."

मेणबत्ती बोटभरच उरली होती. विझेल आपोआप, असं तिला वाटलं. नियम तिनंच केला होता आणि तिनंच तो त्या दिवशी स्वतःला पाच मिनिटं माफ केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्टाच्या गाई त्या बाजूला चरायला जाईनात. ओकच्या शेंड्यातून धूर निघत होता. आतलं भुसभुशीत लाकूड रात्रभर धुमसत राहिलं होतं. बंबवाल्यांनी दिवसभर पाणी मारलं, तरी दक्षिणेकडची सगळी बाजू कोळसा झाली.

नेस्टा गावच्या सभागृहात आली, चिखलाच्या बुटांसकट. राईतली सगळी माणसं जमलेली, मी टेबलावर. "माझ्या आजोबांच्या आजोबांनी या झाडाखाली भाकर खाल्लीय," ती म्हणाली. "मला झाडं पुजता येत नाहीत, पण मी ती जाळतही नाही. ज्यानं केलं, त्यानं माझ्या शेतात पाऊल टाकायचं नाही. आणि कोण ते कळलं नाही, तर तुम्ही कुणीच यायचं नाही." आणि दार आपटून गेली.

मग टेगवेन म्हणाली, "गेथिन, तू तुझी मेणबत्ती विझवली होतीस ना?"

"विझवली होती की."

"नक्की? आठव बघ नीट."

अकरा जणांच्या नजरा त्याच्यावर. बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "विझवली... म्हणजे फुंकर मारली होती, वातीचं जळकं टोक तिथेच खुडून टाकलं होतं," तो म्हणाला. "बहुतेक विझली."

त्या 'बहुतेक'नं त्याचा घात केला. कुणी त्याला चोर म्हटलं नाही. नुसते सगळे चहाच्या कपात बघत राहिले. मित्रांनो, मी टेबलावर पडल्या पडल्या ओरडत होते, पण माझ्या तोंडाला म्यान! आणि एलिनेड? ती किटली घेऊन उठली. तिनं गेथिनचा कप भरला आणि मूग गिळून बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. गेथिननं चहा तसाच ठेवला, "माफ करा सगळ्यांनी," म्हणाला आणि गेला.

तो परत राईत आला नाही. नेस्टाला त्याचं नाव कळलं आणि तिचं फाटक बाकीच्यांसाठी उघडं राहिलं. गेथिन दिवसाआड तिचं दूध न्यायला यायचा, तेव्हा पूर्वी त्याच्यासाठी भरून ठेवलेला कप आता खिडकीत पालथा असायचा.

घरी एलिनेड मला रोज पुसायची. पुसलेलंच पुन्हा पुसायची. एकदा म्हणाली, "बघतेस काय अशी?" मी काय बघणार! पण मला तिची कीव आली, रागही आला. एकाच वेळी दोन्ही येतं का? मला तरी आलं.

मग हिवाळ्यातला सगळ्यात लहान दिवस आला. भर दुपार, पण सूर्य टेकडीला टेकलेला. अर्ध्या जळक्या ओकखाली अकरा माणसं. मायरिगनं म्यान धरलं, एलिनेडनं मूठ.

"शांतता आहे का?"

"आहे!"

मी आत गेले, पुन्हा बाहेर आले.

"शांतता आहे का?"

"आहे!"

तिसऱ्यांदा मला उपसलं. तिनं विचारलं. सगळे "आहे!" म्हणाले. मला आत ढकलायला तिचा हात हलेना.

"ढकल की वहिनी," मायरिग कुजबुजला. "बोटं गोठली माझी."

"नाही," एलिनेड म्हणाली.

"काय नाही?"

"शांतता नाही. मेणबत्ती माझी होती."

एकतीस वर्षांत 'नाही' कुणी म्हटलंच नव्हतं. कुणाला काय करावं ते कळेना. टेगवेन पुढे आली, "एलिनेड, थंडीनं काहीतरी होतंय तुला. चल, बस जरा."

"मला काही झालेलं नाही. जे झालं ते त्या माणसाला झालं. मी त्याला चहा वाढला गं, टेगवेन! स्वतःच्या हातानं चहा वाढला आणि गप्प बसले." आणि ती रडली. एवढी खणखणीत बाई, लहान पोरीसारखी रडली.

मायरिगनं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. "हिला आत घालायचं नाही," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. चला गेथिनकडे."

अकरा माणसं, पांढऱ्या झग्यांवर रेनकोट, आणि मधोमध मी अर्धी उघडी! गेथिनच्या अंगणात आम्ही तासभर थंडीत उभे. टँकर आला. एलिनेडनं सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

गेथिननं हातमोजे काढले. मग म्हणाला, "दीड महिना, मावशी. दीड महिना मी रोज स्टेअरिंगवर बसून ती फुंकर आठवतोय. विझली होती का, नव्हती? धूर दिसला होता का? माझ्या आईच्या नावाची मेणबत्ती ती. मला वाटायला लागलं, आईच्या नावानं मी झाड जाळलं. आणि तुला माहीत होतं?"

"होतं."

"रोज?"

"रोज."

मायरिगनं खाली मान घालून विचारलं, "गेथिन, शांतता आहे का?"

"नाही," गेथिन म्हणाला. "आज तर नाहीच." आणि त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, हळू लावलं. ते जास्त लागलं.

संध्याकाळी एलिनेड नेस्टाकडे गेली. नेस्टानं ऐकून घेतलं. "खरं बोललीस, बरं केलंस," ती म्हणाली. "फाटक बंद."

आणि मी? मी खुंटीला तशीच लटकले, अर्धी आत, अर्धी बाहेर. किटलीची वाफ, ओल्या कोटांचा दमटपणा. मुठीच्या अगदी खाली, जिथे मेणाचा बोळा पोहोचत नव्हता, तिथे मला गंज चढू लागला. मायरिग येऊन बघायचा, जीभ चावायचा, पण ढकलायचा नाही. सुरी म्हणाली, "आता तरी बाहेरचं जग बघितलंस!" बघितलं गं बाई. एलिनेड एकटी जेवताना बघितली. गेथिनला चिठ्ठी लिहून फाडताना बघितली. शेवटी तिनं चिठ्ठी नाही लिहिली. नेस्टाच्या प्रार्थनेच्या मंडळात आणि दुकानात, जिथे जिथे त्याचं नाव खराब झालं होतं, तिथे तिथे जाऊन तिनं तोंडानं सांगितलं, की ती मेणबत्ती माझी. लोक मागे हसले. तिनं हसू दिलं.

वसंतात दिवस आणि रात्र सारखे होतात, त्या दिवशी राई पुन्हा जमली. फाटक बंद, म्हणून बाहेर, झुडपांच्या मधल्या अरुंद गल्लीत. जेमतेम सहा माणसं. एलिनेडनं माझी मूठ धरली आणि मागून भोंगा वाजला. टँकर! गल्ली एवढी चिंचोळी, की सायकल निघायची मारामार.

फाटकापलीकडून नेस्टा ओरडली, "अगं ए, चादरवाल्यांनो! बाजूला व्हा! माझं दूध आंबेल तिकडे!"

"कुठे होऊ बाजूला? झुडपात शिरू?" टेगवेनही ओरडली.

गेथिन उतरून पुढे आला. टेगवेनच आधी पुढे झाली. "गेथिन, त्या दिवशी मी तुला..."

"आठवतंय मला," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं. "ही अजून अशीच?"

"अशीच," एलिनेड म्हणाली. "विचारायचं होतं. पण ज्यानं उत्तर द्यायचं, तोच नव्हता."

गेथिननं मायरिगच्या हातातून म्यान घेतलं. हेविनच्या टाक्यांवरून त्याचा अंगठा फिरला. "विचार, मावशी."

"शांतता आहे का?"

"थोडी."

"शांतता आहे का?"

टँकरचं इंजिन धडधडत होतं. "दुकानात सांगितलंस, ते कळलं मला," तो म्हणाला. "आहे."

तिसऱ्यांदा तिनं विचारायला तोंड उघडलं. "आहे, आहे," गेथिन म्हणाला आणि त्यानं म्यान वर सरकवलं. मी आत गेले. गेले, गेले आणि अडकले. गंजानं फुगलेला भाग म्यानाच्या तोंडाशी घट्ट बसला. बोटभर पातं बाहेरच राहिलं.

"भट्टीवर दे माझ्या," मायरिग घाईघाईनं म्हणाला. "घासून चकचकीत करतो."

"नको," गेथिन म्हणाला. "राहू दे. सगळं मिटलं म्हटलं, तर खोटं होईल. हे बोटभर माझं."

एलिनेडनं मान हलवली. "तुझं," ती म्हणाली.

"झालं का तुमचं?" नेस्टानं फाटक सताड उघडलं. "या आत एकदाचे, गाडी तरी जाऊ दे!" सगळे धावत शेतात शिरले आणि टँकर पुढे गेला. नंतर ते फाटक लावायला नेस्टा आली नाही. मंडळी परत निघाली तेव्हा तिनं दोन कप भरले होते, एक गेथिनला, एक एलिनेडला.

मित्रांनो, तो ओक अजून उभा आहे. दक्षिणेकडे काळा, उत्तरेकडे या मे महिन्यात पानं आली. मीही तशीच. बोटभर पातं आता कायम बाहेर असतं आणि त्यावरचा तांबूस डाग कुणी घासत नाही. आमच्याकडे येणारे नवे लोक विचारतात, तलवारीची काळजी घेत नाही का? घेतात हो. उरलेल्या सगळ्या अंगाला मेण लागतं. तो डाग तेवढा सांभाळून ठेवतात.

एक नियम मात्र राईत नवा झाला. मला उपसण्याआधी एलिनेड गोलाकडे बघते आणि जे आलेले नाहीत त्यांची नावं घेते, एकेक करून. मगच विचारते. तुम्हीही घरात, वर्गात, मित्रांत कुणी 'सगळं ठीक ना?' असं विचारलं, तर 'हो' म्हणायची घाई करू नका. आधी बघा, आज कोण आलेलं नाही. एकतीस वर्षं 'आहे, आहे' ऐकून मी आत जात होते; आत जाणं सोपं असतं. त्या हिवाळ्यात ओकखाली अकरा जण 'आहे' म्हणाले, आणि ज्याला शांतता नव्हती तो बारावा तेव्हा दुधाच्या गाडीत एकटा बसला होता.